आतला प्रिंटर

चष्मेवाल्या मामांचं सॉफ्टवेअर बाबा आदमच्या काळातलं. बटण दाबलं की नंबरची चिठ्ठी आतल्या खोलीतल्या प्रिंटरवर निघायची, कारण काचा घासायला तिथे मामी बसायची. मामा बाहेरून विचारायचे, “आली का गं?” आतून उत्तर यायचं, “आली!” मामी गेल्यापासून काचा तयारच येतात, चिठ्ठी मात्र अजून आतच निघते. हेलपाटे घालून मामांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा भाचीने काउंटरवर नवा प्रिंटर मांडला. जुनं सॉफ्टवेअर त्याला ओळखेना, म्हणून तिने संगणकात त्यालाच जुन्या प्रिंटरचं नाव दिलं. “मामा, आता दाबा.” चिठ्ठी झटकन हाताशी आली. मामांनी सवयीने आतल्या दाराकडे बघून विचारलं, “आली का गं?” इतके दिवस निदान प्रिंटर तरी खरखरायचा. आज आत चिडीचूप. मामांनी चिठ्ठीची घडी घातली. “छान केलंस,” ते म्हणाले, “पण होतं तसंच कर.”