पाच घरांचं वाक्य

"वाट पाहू," म्हणत सतरावा माणूस हसत पुढे आला. या सभागृहात आज नमस्काराऐवजी सगळे हेच म्हणत होते. शर्टांवर तेच छापलेलं, चहाच्या कपांवर तेच, आणि या पठ्ठ्याच्या मनगटावर तर ते गोंदवलेलंच होतं. भाषांतरकार बाईंनी त्याच्या पोस्टरवर सही केली आणि मनगटाकडे पाहायचं टाळलं.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका जपानी गेमच्या चाहत्यांचा तो मेळावा होता. अवकाशयानातली सहा माणसं, साठ-सत्तर तासांचा खेळ, आणि शेवटी कप्तान पाच सोबत्यांना मागे ठेवून एकटाच जळत्या यानात शिरतो. दार लागतं. पडद्यावर दोन शब्द उमटतात: वाट पाहू. मागे राहिलेले पाच जण ते म्हणतात, असं चाहत्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि इतकी वर्षं ते त्यावर मनसोक्त रडत आले होते.

मुळात ते म्हणतो कप्तान. आणि म्हणतो, वाट पाहू नका. पण निरोपाचं वाक्य मोठ्या अक्षरांत यायचं होतं, चौकटीत अक्षरांसाठी घरं होती पाचच. मधली मोकळी जागा धरून पाच घरं भरली आणि 'नका' बाहेर पडलं. ध चा मा करायलासुद्धा कुणाचा तरी हात लागतो. इथे यंत्रानं आपणहून शेपूट छाटलं. बाईंना कळलं तेव्हा गेम दुकानांत गेला होता. कंपनीनं राहू द्या म्हटलं.

राहिलं. बाईंनी दोन वर्षं डोळे फोडून त्या गेमची चाळीस हजार वाक्यं आपल्या भाषेत आणली होती. स्वयंपाकी रोबोचे टोमणे, म्हाताऱ्या इंजिनिअरच्या थापा, एकेका शिवीसाठी त्यांनी रात्री घालवल्या होत्या. सकाळपासून त्यातलं एक वाक्य कुणी काढलं असेल तर शपथ. कौतुक एका ओळीचं, आणि नेमकी तीच त्यांची नव्हती. येताना गाडीत त्यांनी संयोजकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, बाई, आज नको, अडीचशे शर्ट छापलेत.

अठरावी होती चाळिशीची एक बारीकशी स्त्री. आपण चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, असं तिनं न विचारताच सांगितलं. हा गेम तिनं नवऱ्याबरोबर खेळून संपवला होता, एकदा नाही, चारदा. मग नवरा बोटीवर नोकरीला लागला. निघताना दारात हेच दोन शब्द म्हणाला. सातव्या महिन्यात कुठल्याशा बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. लोकांनी सांगून पाहिलं, माहेरच्यांनी नाद सोडला; घरात उरल्या ती आणि सासूबाई. दुकानाच्या मालकानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ही नाही म्हणाली. गेल्या महिन्यात मालकाचं लग्न झालं. त्या दिवशी दुकान हिनंच सांभाळलं. हे सगळं ती रांग खोळंबू नये म्हणून भराभर सांगत होती.

"नऊ वर्षं तुमच्या दोन शब्दांवर काढली, बाई."

'त्या' दोन शब्दांवर म्हणाली असती तर बाईंनी मुकाट्यानं सही केली असती. ती 'तुमच्या' म्हणाली. बाईंनी पेन सहीच्या जागेवरून उचललं. हिच्या भल्यासाठीच, असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण ते काही खरं नव्हतं. त्यांना आपलं वाक्य एकदा तरी कुणासमोर पुरं करायचं होतं, आणि समोर ही होती.

त्यांनी पोस्टरवरच्या छापील शब्दांपुढे ठळक, सुबक अक्षरांत लिहिलं: नका. मग शाळेतल्यासारखं समजावूनही सांगितलं. पाच घरं, मोठी अक्षरं, म्हणणारा कप्तान.

चष्मेवालीनं पोस्टर उचलून डोळ्यांजवळ धरलं. दोन वेळा वाचलं. मागचा माणूस घड्याळाकडे बघून खाकरला.

"म्हणजे हे जाणाऱ्याचं वाक्य आहे," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. तिनं रडावं, भांडावं, निदान खोटं म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. आपण काय करून बसलो हे त्यांना आत्ता कळत होतं आणि शाई तर केव्हाच वाळली होती.

तिनं पोस्टरची नीट गुंडाळी केली, रबर लावलं आणि ती बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"हे मला घरी नेता येणार नाही. सासूबाईंना वाचता येतं."

ती बाजूला झाली. एकोणिसावा पुढे आला, विसावा आला. बाई खाली मान घालून सह्या करत राहिल्या. पंचविसाव्याला त्यांनी डोळे वर केले. चष्मेवालीनं दुसरं पोस्टर विकत घेतलं होतं आणि ती रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभी राहिली होती.