करड्या कोटाची बाही

“कोट निळा होता,” टकल्या म्हणाला आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोट करडा होता. पण आपण पडलो पाहुण्या, दुसऱ्यांच्या बोलण्यात कशाला तोंड घाला, म्हणून बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि टेबलावरच्या कापडाची एक चुणी तळव्यानं दाबून सपाट केली.

टकल्या आणि चष्मेवाली ही भावंडं. त्यांनी आपली नावं सांगितली होती, पण ती काही लक्षात राहिली नाहीत. बाईंनी आपली सोयीची ठेवून दिली. दोघं आपल्या आईच्या आठवणी काढत बसली होती. आई लाँड्री चालवायची, इस्त्री फिरवता फिरवता गोष्टी सांगायची, आणि कपडे न्यायला आलेली माणसं गठ्ठा काखेत धरून गोष्ट संपेपर्यंत दुकानात उभी राहायची. इतपत त्यांनी बरोबर सांगितलं होतं. पुढं सगळा आनंदीआनंद.

“आई होती तेव्हा घर कसं बोलतं होतं,” चष्मेवाली म्हणाली. “आता खायला उठतं.”

बाईंना वाईट वाटलं. ती बाई त्यांना जशी ठाऊक होती, तशी या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हती. गेली बिचारी. आणि मागं ही पोरं! एवढ्या गोष्टी त्यांच्या पदरात टाकून गेली, तर यांना एक धड सांगता येईना. ही गोष्ट अशीच नासत पुढं गेली, तर ती बाई होती कशी हे कुणाला कळायचंच नाही.

“तर तो निळा कोट,” टकल्यानं पुन्हा सुरू केलं, “बाबांनी लग्नाआधी आईच्या दुकानात इस्त्रीला टाकला, आणि वर्षभर न्यायला आलेच नाहीत.”

“वर्षभर!” बाईंच्या तोंडून निसटलं.

“काही चुकलं का?”

“छे. तुमची आई, तुमचा कोट. चालू द्या.”

चष्मेवालीनं न विचारता चहा आणून ठेवला. बिनसाखरेचा, कोमट, बाईंना लागतो तसा. चला, निदान चहा तरी धड जमतो, असं बाईंना वाटलं.

“मग आईच कोट घेऊन बाबांच्या घरी गेली,” चष्मेवाली म्हणाली. “बाहीला चुण्या राहिल्या होत्या ना, म्हणून माफी मागायला.”

कप बशीत आदळला.

“उचलली जीभ लावली टाळ्याला!” बाई कडाडल्या. “माफी? तिनं? तिच्या हातच्या कपड्याला चुणी कधी बघितली होतीत? कोट करडा होता. तो कोटवाला संध्याकाळी न्यायचा आणि सकाळी दारात हजर. ‘बाही नीट झाली नाही.’ ती त्याला चांगला फैलावर घ्यायची आणि पुन्हा इस्त्री करून द्यायची. दुसऱ्या दिवशी तेच. बाहीला काय धाड भरली होती! कोपऱ्यावर बेकरीच्या आडोशाला उभा राहून स्वतःच मुठीत धरून चुरगळायचा मेला. दुकानाच्या काचेतून सगळं दिसायचं.”

“तिनं बघितलं होतं?” टकल्या पुढं झुकला.

“रोज.”

“मग बोलली का नाही?”

“काय बोलायचं? त्याला बोलणी खायची होती, हिला द्यायची होती. खोटं पकडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आला असता?”

बाईंचा हात कापडावरून लांब, सरळ फिरत होता. आवाज खणखणीत झाला होता. त्यांनी कोटवाल्याची नक्कल केली, बेकरीवाल्याचं खोकणं केलं. भावंडं जागची हलली नाहीत. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसतच राहिली.

“शेवटी बाही विरली,” बाई म्हणाल्या. “तरी आला. हात हलवत. हिनं विचारलं, ‘आता काय बिघडलं?’ तो म्हणाला, ‘काही नाही. तेच सांगायला आलो.’”

बाई स्वतःशीच हसल्या. मग थकल्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“छान घर आहे हो तुमचं,” जरा वेळानं त्या म्हणाल्या. “मला घरी कोण सोडणार?”

“मी सोडतो,” टकल्या म्हणाला. “चहा संपवा आधी.”

त्यानं बाईंची शाल नीट केली आणि बहिणीमागं दारापर्यंत गेला.

“दादा,” तिनं हळूच विचारलं, “पुढच्या रविवारी मी काय चुकवू?”

“काहीही चुकव,” तो म्हणाला. “आई बोलेपर्यंत चुकत राहायचं.”