उजवीकडची खालची दाढ

"दाबताना नाही," तो म्हणाला. "सोडताना दुखतं."

डॉक्टरने त्याच्या दातांमधली प्लास्टिकची काडी काढून शेजारच्या दाढेवर ठेवली. "आता चावा. सोडा."

"इथे काही नाही."

काडी पुन्हा आधीच्या जागी. त्याने चावलं, सोडलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

कारण सापडलं. कीड नव्हती, हिरडी सुजलेली नव्हती, एक्स-रेही स्वच्छ होता. दाढेला उभी चीर गेली होती. चावलं की चिरेच्या दोन्ही बाजू ताणल्या जातात आणि दाब सुटला की मिटतात. तेव्हा आतल्या नसेला कळ जाते. खात्रीसाठी तिने बारीक दिवा दाढेला टेकवला. उजेड अर्ध्यापर्यंत गेला आणि चिरेशी थांबला.

उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. डॉक्टरने मधल्या दातांपासून मागे तिसऱ्यांदा मोजलं. उत्तर बदललं नाही.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," शेजारच्या स्टुलावरून त्याची आई म्हणाली. "तुमचं मात्र छान चाललंय."

तो तोंड उघडं ठेवूनच हसला. डॉक्टरला हसता आलं नाही.

तिच्या खणात एका पेशंटचं जुनं कार्ड होतं. हा दवाखाना तिच्या सरांचा. निवृत्त होताना त्यांनी कार्डांनी भरलेलं कपाटही तिच्याकडे सोपवलं होतं. आठ दिवसांपूर्वी परगावाहून एका गृहस्थाचा फोन आला होता. 'माझ्या पुतण्याचं जुनं कार्ड असेल तर काढून ठेवा. सोळाव्या वर्षी घरातून गेला, तो अठरा वर्षांनी दारात येऊन उभा राहिलाय. वहिनी आंधळी झालीय मायेने. पुढच्या महिन्यात येतो आणि त्याचं तोंड उघडूनच बघतो.'

याच्याच नावाचं कार्ड सापडलं. सरांच्या अक्षरात एकच ओळ होती. वय चौदा, उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ काढली.

बसवलेलं सिमेंट निघू शकतं, दात झिजू शकतो, तुटू शकतो. पण चौदाव्या वर्षी काढलेली पक्की दाढ पुन्हा उगवत नाही.

"लहानपणी इथेच यायचात ना?" डॉक्टरने सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्याने आधी आईकडे पाहिलं. "फारसं आठवत नाही."

"तो काय सांगणार!" आई म्हणाली. "तेव्हा इथे हिरवी खुर्ची होती. सरांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, तरी ते उशिराच यायचे."

"तेव्हा दाताचं काय केलं होतं, मावशी?"

"ते बाई, आता नाही आठवत."

घड्याळाची पाच मिनिटं आठवतात आणि मुलाची दाढ आठवत नाही. वय झालं की असं होतं, असं डॉक्टरने स्वतःला समजावलं.

"दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. "रूट कॅनाल करून वर टोपी बसवायची. चीर मुळापर्यंत गेलेली दिसत नाही, दाढ वाचेल असं वाटतं. नाहीतर काढायची. मी वाचवायचं सुचवेन."

"काढा," आई म्हणाली.

"आई, त्या वाचेल म्हणतायत."

"सोन्या, एकदा तुझ्या मनासारखं करून बघितलं. अठरा वर्षं गेली त्यात. काढा हो तुम्ही."

"दाढ यांची आहे, मावशी. यांनी सांगायला हवं."

तो छताकडे बघत म्हणाला, "चार महिन्यांत पहिल्यांदा काही मागतेय ती. काढा."

इतक्या पटकन? याला कार्डाचा पत्ता लागला की काय? डॉक्टरने पुढे होऊन एक्स-रेची फिल्म पाहिली. दाढेची दोन्ही मुळं तिच्यात स्पष्ट दिसत होती. निदान हा पुरावा तरी राहील.

"नंतर तिथे कृत्रिम दात बसवून घ्या. नाहीतर शेजारचे दात कलतात."

"नको," आई म्हणाली. "जागा मोकळीच राहू दे. जखम कधी भरेल?"

"आतलं हाड भरायला काही महिने लागतात. हिरडी वरून तीन-चार आठवड्यांत मिटते."

"म्हणजे महिन्याने बघणाऱ्याला जखम दिसणार नाही?"

"नाही."

भूल दिल्यावर दाढ निघायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आईने त्याचं पाऊल धरून ठेवलं होतं. डॉक्टरने कापसाची गुंडाळी दातांत धरायला दिली आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आईने दाढ कागदात बांधून मागितली. पुडी पर्समध्ये टाकली आणि टेबलावरची फिल्मही घडी पडणार नाही अशी पुडीशेजारी ठेवली.

"घरी आठवण म्हणून," ती म्हणाली.

आता बोलायलाच हवं होतं. महिन्याने एखाद्या संतापलेल्या माणसाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आज, इथे, दार लावून आईने ऐकलेलं बरं. डॉक्टरने खण उघडला आणि कार्ड आईसमोर ठेवलं.

"मावशी, तुमच्या दिरांचा फोन आला होता. त्यांनी हे कार्ड मागितलंय. तुम्ही आधी वाचावं असं मला वाटतं. हवं तर मी वाचून दाखवते."

आईने चष्मा लावला नाही. कार्डाकडे पाहिलंही नाही. उठली, बाकावर कापूस चावत बसलेल्या त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

"भाऊजी आले की हे त्यांना जरूर दाखवा," ती म्हणाली. "आता जुळेल."