कष्टांची खूण

धाकटी चार दिवस माहेरी आली आणि मोबाइलला चिमट्याने लावायच्या इवल्याशा भिंगातून आईच्या अंगठ्यावरच्या व्रणाचा फोटो काढून गेली. ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, ‘कष्टांची खूण’. सगळा गोतावळा गहिवरला. मोठीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. हाच अंगठा रोज धुणारी, त्याचं नख कापणारी ती. तिचं कुणी नाव काढलं? धाकटीचं मागे राहिलेलं भिंग तिने स्वतःच्या मोबाइलला लावलं. सगळं धूसर. “अजून जवळ ये,” आई म्हणाली, “ती तर नाक टेकवायची!” मोठी दातओठ खात वाकली. व्रण लख्ख दिसला: चार बारीक दातांचे ठसे, ओळीने. “हे कुणाचे?” “तुझेच की! तान्ह्या धाकटीला घरी आणलं, तेव्हा कडकडून चावली होतीस.” “मग तिला का नाही सांगितलंस?” “का म्हणून सांगू?” आईने अंगठा मुठीत झाकला. “तेवढा तुझा एकटीचा.”