ओळीवर बोट

बाई एकट्याच राहायच्या आणि पुढच्या खोलीत दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. त्यांना एक खोड होती. उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न त्या मुद्दाम फसवा घालायच्या. त्याचं उत्तर उताऱ्यात नसायचंच. 'उताऱ्यात दिलेलं नाही' असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, आणि मनचं घुसडणाऱ्याला भोपळा!

आजचा उतारा त्यांनीच सकाळी चहा पिता पिता लिहिला होता. एक बाई घरात एकटीच बसलेली असते आणि आतल्या खोलीचं दार लागतं, एवढंच. शेवटचा प्रश्न होता, दार कोणी लावलं?

झाडून सगळी मुलं फसली. सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं होतं: तिच्या थोरल्या बहिणीने.

"एकमेकांचं बघून लिहिता आणि वर तोंड करून बसता!" बाई म्हणाल्या, पण आवाजाला रोजची धार नव्हती. आपल्याला एक ताई होती, हा विषय त्यांनी मुलांपुढे कधी काढलाच नव्हता. आता तर ताईला जाऊनही जमाना झाला होता.

"उताऱ्यात कुठंय बहीण? सापडली त्या ओळीवर बोट ठेवा बघू," त्यांनी नेहमीसारखं फर्मावलं.

पुढे बसलेली चुणचुणीत मुलगी गोंधळली. "बाई, ओळीत नाहीये. पण दिसतायत ना त्या."

कागदावर कोणीच बोट ठेवलं नाही. सगळ्यांनी बाईंच्या खांद्यावरून मागे, आतल्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं.

बाईंना मान वळवायचा धीर होईना. त्या मुलांच्या बोटांकडेच बघत राहिल्या.

ती बोटं, सगळी मिळून, हळूहळू बाईंच्या दिशेने सरकत होती.