बारावी खेप

धरणगावजवळच्या एका खेड्यात इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नव्या जाळ्याचा प्रयोग सुरू होता. बोलण्या-ऐकण्याचा एक डबा सुपडूआबांच्या ओट्यावर होता, दुसरा मळ्यात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाकडे, रुपचंदकडे. पाहुणे आले की दोघांनी बोलून दाखवायचं. आईच्या दहाव्याला भांडण झालं, तेव्हापासून हे भाऊ एकमेकांशी एरवी चकार शब्द बोलत नव्हते. प्रयोगवाल्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आजची बारावी खेप. आबा उन्हात बसून आंबून गेले होते. त्यांनी डब्यात विचारलं,

"आवाज येस का?"

"येस."

"कापूस येचाई गया का?"

"गया."

"जेवना का?"

"जेवनू."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि ते गाडीत जाऊन बसले. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "यान्हापेक्षा पोपट बरा, ताई. त्याले मिरची तरी भेटस."

प्रयोगाच्या नूतनताई हसल्या. "म्हणूनच आता जाळ्याला एक नवं साधन जोडतोय, आबा. पुढच्या वेळेपासून दोन्ही टोकांना मशीनच बोलेल. तुम्हा दोघांनाही सुट्टी."

'बरं झालं' म्हणून आबा घरात निघाले, पण उंबऱ्यापासूनच परतले. ते पुन्हा ओट्यावर टेकले.

डबा अजून चालूच होता. त्यातून रुपचंदचा आवाज आला, "ताई, मशीन कसाले? मी मोकयाच ऱ्हास, काम काय माले?"