घर पडलं तरी

राजकन्याला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. ती निघण्याआधी घरच्या कॉम्प्युटरमधले तिचे लहानपणापासूनचे फोटो कुठंतरी जपून ठेवावेत, असं किशनरावांच्या मनानं घेतलं.

"हार्ड डिस्क आणू का, बाबा?"

"ती बी घरातच राहनार. अन् घरच पडलं तर?" भूकंपाला वीस वर्षं झाली, तरी त्यांची धास्ती गेली नव्हती.

"मग इंटरनेटवर टाकते. घर पडलं तरी एक फोटो जाणार न्हाई."

किशनरावांचा जीव भांड्यात पडला. एवढा वेळ दारात उभी असलेली राजकन्याची आई, रुक्मिणबाई हळूच म्हणाल्या,


"तुझी थोरली बहीण भूकंपात गेली, तिचा एकच फोटो व्हता, त्यो बी घराखालीच राहिला. त्या इंटरनेटवर गावंल का गं त्यो, राजे?"